माकुएनीच्या गावाला बोअर मारून द्यावा का?

नैरोबीची_वैदेही

नमस्कार मंडळी. नैरोबीत पार्कलँड्सला राहून मला सहा वर्षं झाली. इथे आमची चौदा मराठी घरं आहेत. गणपतीची वर्गणी दर वर्षी काढतो. यंदा शिल्लक बरीच उरली, वर दोघांनी भर घातली आणि ठरलं की ह्यातून एखाद्या गावाचं पाण्याचं काम करायचं.

गाव कोणतं, तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं. मी त्यांना 'मामा' म्हणते, इथे मोठ्या बाईला तसंच हाक मारतात. (माझ्या मुलाला सुट्टीत खरा मामा भेटला तेव्हा तो बराच वेळ गोंधळात होता.) त्यांचं गाव इथल्या माकुएनी जिल्ह्यात, वोटे शहराच्या पुढे मटाटूने (इथली वडाप) तास-दीड तास. नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. त्यांची भाची शाळेच्या आधी गाढवावर चार पिवळे जेरीकॅन घालून पाणी आणते.

बेत असा: एक बोअर, वर सोलर पंप, टाकी, चार नळ. एक संस्था तीन महिन्यांत करून देते म्हणाली. पण आमच्यातलेच एक काका म्हणाले, "फोटो काढाल आणि याल, पुढच्या वर्षी कोण बघणार?" तेव्हापासून मनात किडा वळवळतोय.

इथे कोणी आफ्रिकेत खेड्यापाड्यांत प्रत्यक्ष काम केलेलं आहे का? स्थानिक गट, संस्था, बाहेरचे पैसेवाले हे एकत्र कसं काम करतात? गूगल कर असं कृपया सांगू नका, करून झालंय.

दुष्काळी_धाराशिवकर

ताई, राग मानू नका. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणारी पोरं आहेत. वर्गणी मराठी माणसाची, गणपती मराठी आणि पाणी केनियाला? आधी घरचं बघावं असं मला वाटतं.

नैरोबीची_वैदेही

दादा, राग नाही. पण सहा वर्षं मी इथलंच पाणी पितेय आणि माझं घर ज्या बाईंच्या जिवावर चालतं त्यांच्या घरी पाणी नाही. घरचंच बघतेय.

झिरेवाला

वैदेहीताई, बोअरचा ॲडव्हान्स दिला नसेल तर आधी हात आवरा.

मी आटपाडीचा. सिव्हिलचा डिप्लोमा केला, इकडे काही वर्षं बंधाऱ्यांवर काढली आणि २००३ साली केनियात, माकुएनीशेजारच्या मचाकोसला गेलो. परत आलो २०१४ ला. कुठल्या संस्थेत होतो ते लिहीत नाही, कारण पुढं जे सांगतोय त्यात आमचीच फजिती आहे.

२००५ साली आम्ही एका खेड्यात हापसा बसवला, आफ्रिदेव्ह. हा हापसा मुद्दाम असा बनवलेला की गावातल्याच बायांनी एखाद्या पान्यानं उघडावा, आतला सील बदलावा, परत लावावा. (हापशाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आफ्रिकेत जागोजाग दिसणारा 'इंडिया मार्क टू' आपल्या जालन्याच्या आणि सोलापूरच्या पंपांचा वंशज आहे. दुष्काळात मिशनच्या बोअरवाल्यांनी जुळवाजुळव करून केलेला दांडा आज कुठं कुठं हलतोय बघा.) उद्घाटनाला बोकड कापला, भाषणं झाली, मी टाय बांधला होता. चौदा महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्या बाजूनं गेलो तर दांड्याला शेळी बांधलेली. रबरी सील गेला होता. किंमत म्हणाल तर चहा आणि दोन मंदाझींची (तिथले तळलेले गोड पाव). पण तो मिळायचा मचाकोसला, पान्याची पेटी अध्यक्षांच्या घरात कुलपात, अध्यक्ष मोंबासाला लेकाकडं आणि समितीच्या खात्यात एक शिलिंग नाही. समिती आम्हीच उद्घाटनाच्या आठवड्यात कागदावर उरकलेली. बाया तिथून पन्नास पावलांवर नदीत झिरा उकरून पाणी भरत होत्या. एक म्हातारी मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास, तुझा पंप आजारी आहे." जसं काही माझं ढोर तिच्या दारात बांधून मी गावाला गेलो होतो.

सहाराच्या खालच्या आफ्रिकेत त्या काळात साधारण तीनातला एक हापसा कुठल्याही दिवशी बंदच असायचा, असा अंदाज होता. म्हणजे माझा काही जगावेगळा नव्हता. आणि तुमच्या वोटेच्या भागात खोल बोअरला पुष्कळ ठिकाणी पाणी मचूळ लागतं. सोलर पंप लावून खारं पाणी टाकीत चढवायचं आणि गाढवानं परत नदीलाच जायचं, असंही बघितलंय.

आता त्या म्हातारीच्या झिऱ्याकडं या. माणदेशातल्या माणसाला झिरा सांगायला लागत नाही. नदी कोरडी दिसते, पण वाळूत हातभर, दोन हात उकरलं की पाणी झिरपून येतं. म्हणजे पाणी आहे, फक्त थांबत नाही. नदीला आडवी, खालच्या खडकापर्यंत पाया नेलेली सिमेंट-दगडाची भिंत घातली की पावसाळ्यातल्या पुराबरोबर आलेली जाड वाळू भिंतीमागं बसते आणि बारीक गाळ भिंतीवरून निघून जातो. दोन-चार पावसाळ्यांत भिंत काठोकाठ वाळूनं भरते. आपल्याकडं बंधारा भरला की आपण जेसीबी बोलावतो, तिथं तो भरायची वाट बघतात. त्या वाळूच्या पोटात २५ ते ४० टक्के पाणी मावतं. पटत नसेल तर वीस लिटरची बादली कोरड्या जाड वाळूनं भरा आणि तांब्यानं पाणी ओतत राहा. सहा-सात लिटर सहज पिते. मी प्रत्येक सभेत हे करून दाखवायचो, आणि प्रत्येक वेळी मागं बसलेली पोरं मोठ्यानं तांबे मोजायची. वाळूखालच्या पाण्याला ऊन लागत नाही, डास होत नाहीत, ढोरं त्यात उतरत नाहीत. भिंतीतून नळ काढा, नाहीतर काठावर उथळ विहीर घ्या.

हे माझं डोकं नाही. मचाकोसच्या कोला भागात जोशुआ मुकुस्या आणि शेजारची मोजकी कुटुंबं १९७८ साली एकत्र आली, उटूनी नावाचा गट केला. आधी रानाला टप्पे घातले, मग पाण्याकडं वळले. ऐंशीच्या दशकात एक इंग्रज पोरगा तिथं आला, त्यांच्याबरोबर दगड वाहिले आणि २००२ साली त्यानं इंग्लंडमध्ये 'एक्सलंट डेव्हलपमेंट' ही संस्था काढली, ह्याच लोकांना पैसे मिळवून द्यायला. अमेरिका-कॅनडाकडची मेनोनाइट सेंट्रल कमिटीही ह्या कामात आली. पलीकडं कितुईत १९९० पासूनची सासोल आहे, तिनंही शेकड्यांनी असे बंधारे घातलेत. तुम्ही विचारलंत एकत्र काम कसं करतात, तर उतरंड अशी: खाली गट, मध्ये उटूनी-सासोलसारखी तिथलीच संस्था, लांब टोकाला पैसेवाला. पैसेवाल्याला गाव माहीत नसतं आणि गावाला पैसेवाल्याचं नाव धड उच्चारता येत नाही, तरी चालतं, कारण मधली संस्था दोघांच्या आधीपासून तिथं आहे आणि दोघं उठून गेले तरी तिथंच असणार. तुम्ही मधली कडी वगळून टोकाला टोक जोडायला निघालाय. तीन महिन्यांत करून देतो म्हणणारी संस्था मधली कडी नव्हे, ती ठेकेदार आहे.

गटाचं सांगतो. त्या भागातल्या कांबा लोकांत 'म्वेथ्या' म्हणून रीत आहे. आपलं इर्जिक म्हणा, सावड म्हणा. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. गटात बहुतेक बाया, कारण गडी नैरोबी-मोंबासाला. सोशल सर्व्हिसेसकडं नोंदणी, घटना, अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळं असतं. बंधारा पाहिजे असं गटानं ठरवलं तरी संस्था लगेच सिमेंट पाठवत नाही. आधी वरच्या अंगाला टप्पे घाला म्हणते. 'फान्या जू' म्हणतात त्याला, स्वाहिलीत 'वर कर'. उताराला आडवा चर खणायचा आणि माती वरच्या बाजूला फेकायची, त्या वरंब्यावर नेपियर गवत लावायचं. सहा महिने माती वर फेकून जो गट टिकला तो बंधाऱ्यालाही टिकतो. दगड, वाळू, पाणी आणि अंगमेहनत गटाची. सिमेंट, सळई आणि फुंडी, म्हणजे गवंडी, संस्थेचा. दोन्ही काठांच्या मालकांची सही, की पाणी कुणालाही भरू देईन. आणि जलप्राधिकरणाचा परवाना. ही सही मिळवायला एकदा मला अकरा वेळा एका म्हाताऱ्याकडं जायला लागलं. बाराव्या वेळी गटातल्या बायाच गेल्या आणि अर्ध्या तासात सही घेऊन आल्या. काय बोलल्या ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुम्ही नैरोबीत सिटी मार्केटला जात असाल. तो रस्ता मुइंदी म्बिंगूच्या नावाचा. हा मचाकोसकडचाच माणूस. १९३८ साली इंग्रजांनी ठरवलं, कांबांची ढोरं जास्त झाली, जमीन धुपतेय, सक्तीनं विकायला लावा. लोक बायकापोरांसकट चालत नैरोबीला आले आणि आठवडेच्या आठवडे बसून राहिले. सरकारला सक्ती मागं घ्यावी लागली, म्बिंगूला मात्र लामूला हद्दपार केलं. त्यानंतरही साहेब लोक सक्तीनं चर खणून घेत होतेच, पण पाठ फिरली की लोक ते बुजू द्यायचे. पुढं पन्नासच्या दशकात काम म्वेथ्या गटांकडं आलं, पुढारी त्यांचे त्यांनी निवडले, तेव्हा तेच लोक तेच टप्पे हौसेनं घालायला लागले. १९३२ ते १९९० ह्या काळात त्या जिल्ह्याची लोकसंख्या पाच-सहा पट झाली आणि धूप उलट कमी झाली. ढोरं जास्त, माणसं जास्त म्हणून हा भाग वाळवंट होणार असं लिहून ठेवणारे साहेब होते त्या काळी.

जाता जाता: 'हरांबी', म्हणजे 'सगळे मिळून ओढा', ही केनियातली एकजुटीची हाक. हा शब्द रेल्वेवर काम करणाऱ्या हिंदी मजुरांच्या 'हर अंबे'वरून आला असं आपले लोक तिथं छातीठोक सांगतात. मला काही ते पटत नाही, पण चहाबरोबर चालतं.

थोडक्यात, मामांना विचारा त्या कुठल्या गटात आहेत. गट नक्की असणार.

सहेलकर

झिरेवाल्या आप्पांना दुजोरा. मी बुर्किना फासोत कापसाच्या कंपनीत दोन वर्षं होतो, यातेंगा भागात येणं-जाणं होतं. तिथे १९६७ साली बर्नार्ड लेदेआ ओएद्राओगो ह्या शिक्षकाने मोसी लोकांतल्या तरुण पोरापोरींच्या जुन्या कामाच्या टोळ्यांवरूनच 'नाम' गट उभे केले. नवी समिती काढलीच नाही, होती तीच पुढे नेली. सत्तरच्या दशकात त्यातून 'सिक्स-एस' नावाचं जाळं झालं, शेजारच्या देशांतही पसरलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाहेरचा पैसा 'अमुक विहिरीसाठी' म्हणून यायचा नाही. पैसा गटांच्या संघाकडे यायचा आणि कोरड्या हंगामात काय करायचं ते गट ठरवायचे. कुठे दगडी बांध, कुठे धान्याची बँक, कुठे विहीर. देणाऱ्याला त्यात फोटो मिळत नाही, हा तोटा आहे खरा.

दगडी बांध समपातळीत घालायला ते प्लास्टिकची पारदर्शक नळी, पाणी आणि दोन काठ्या एवढंच वापरायचे. शाळेत न गेलेला शेतकरी दोन दिवसांत शिकायचा. आपल्या गवंड्याची लेव्हल ट्यूबच ती.

दुष्काळी_धाराशिवकर

आप्पा, लेख चांगला आहे, मी माझं म्हणणं मागे घेत नाही पण वाचला. एक विचारतो. प्रकल्प तीन वर्षांचा असतो. देणगीदार अहवाल घेतो आणि उठतो. हे आम्ही इथे पाणलोटात बघितलंय, बोर्ड तेवढे उभे आहेत. तिथे वेगळं काय होतं? का तुम्ही बरं तेवढंच सांगताय?

झिरेवाला

बरं तेवढं सांगितलं, खरं आहे. आता वाईट सांगतो.

२००८ साली एका स्थानिक पुढाऱ्याच्या हट्टापायी आम्ही चुकीच्या ओढ्यावर भिंत घातली. वरचं सगळं रान चिकणमातीचं. दोन पावसाळ्यांत भिंतीमागं लोणी भरल्यासारखा गाळ भरला. पिळलं तरी पाणी निघेना. मी जागेवर जाऊन मूठभर माती चोळून बघितली होती, मला कळलं होतं, तरी गप्प बसलो, कारण त्या वर्षीचा आकडा पुरा करायचा होता. पाचशेच्या आसपास गोण्या सिमेंट आणि त्या बायांचे चार महिने त्यात गेले. त्या गटानं नंतर आम्हाला दारात उभं केलं नाही. बरोबर केलं.

गट फुटतात. खजिनदार पैसे घेऊन पळतो. वरच्या गटानं बंधारा घातला की खालचे म्हणतात आमचं पाणी अडवलं. खरं तर पुराच्या पाण्यातला अगदी थोडा वाटा वाळूत राहतो, पण हे कागदावर सांगून भांडण मिटत नाही. तिथं एका नदीवरच्या लोकांची पाणी वापरणाऱ्यांची संघटना असते, २००२ च्या पाणी कायद्यापासून. तिच्या सभेत वरच्यांना खाली आणि खालच्यांना वर फिरवून आणलं की निम्मं भांडण मिटतं, निम्मं राहतं. शिवाय वाळूचोर. नैरोबीत इमारती उठतात त्यांची वाळू कुठनं येते? माकुएनी काउंटीनं २०१५ साली वाळू वाचवायचा कायदाच केला. आटपाडीच्या माणसाला हे ऐकून किती घरच्यासारखं वाटलं असेल विचार करा.

तीन वर्षांचं म्हणाल तर तुमचं बरोबरच आहे. फरक पडला तो एवढाच बघितला: गटाला बंधाऱ्याशिवाय दुसरं काही करायला असेल तर गट उरतो. रोपवाटिका, बियाण्याची कोठी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पैशाचा खेळ. बंधारा एकदाच होतो हो. त्यानंतर गुरुवारी गुरुवारी कशाला जमायचं?

बचतगटवाली_फलटण

आप्पा, ह्या 'पैशाच्या खेळा'बद्दल सांगाच. मी बावीस वर्षं गट चालवतेय, कान टवकारले माझे.

झिरेवाला

ताई, तुम्हाला मी काय सांगणार. तिथं 'मेरी-गो-राउंड' म्हणतात, ती आपली भिशी. दर सभेला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, एकीनं उचलायची. बरीच उचल पत्र्याला आणि पाण्याच्या टाकीला जाते, पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरायला. दुसरं 'टेबल बँकिंग'. पैसे टेबलावर मांडायचे, तिथल्या तिथं कर्ज द्यायचं, व्याजासकट पुढच्या सभेला परत. सभा संपते तेव्हा टेबलावर काही उरत नाही, म्हणून पळवायलाही काही उरत नाही. पश्चिमेला नायजर देशात केअर संस्थेनं १९९१ साली बायांचे गट असेच बांधले, पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन बायांकडं. ती पद्धत पुढं अख्ख्या आफ्रिकेत गेली. वर्षाअखेरीला पेटी रिकामी करून सगळ्या वाटून घेतात आणि नव्यानं सुरू करतात.

तुमच्याकडं गट बँकेला जोडलेले असतात, कर्ज मोठं मिळतं. तिथल्या बाया बँकेला जरा बिचकून असायच्या. २००७ ला एम-पेसा आलं आणि फोनवरनं पैसे फिरायला लागले. नैरोबीतला नवरा सभा चालू असताना वर्गणी पाठवायचा. मग सचिवबाई फोन वर धरून मोठ्यानं मेसेज वाचून दाखवायची आणि बाकीच्या किओंडो विणता विणता हसायच्या. किओंडो म्हणजे वाखाची पिशवी. सभा कितीही तापू दे, हात थांबत नाहीत त्यांचे, मांडीवर वाख वळणं चालूच.

आणि ताई, तूर. माकुएनी, मचाकोस, कितुई हा सगळा तुरीचा पट्टा. तिथं मका-तूर एकत्र शिजवून खातात, उरलेली तूर आणि मूग विकतात. मुगाला तिथं 'न्डेंगू' म्हणतात. पूर्व आफ्रिकेची तूर जाते कुठं, तर बहुतांशी आपल्या ताटात. ऑगस्ट २०१७ ला आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याकडं तूर जास्त पिकली होती, आपल्या शेतकऱ्याला भाव मिळेना, त्यामुळं मी आटपाडीत बसून त्या निर्णयाच्या बाजूनं होतो. आणि त्याच महिन्यात मला तिकडनं जुन्या गटाच्या सचिवबाईंचा फोन, की व्यापारी फिरकेना, तुमच्या लोकांना काय झालं? मोझांबिक, टांझानिया, मलावीत तर भाव पार झोपले. मी काय सांगणार? "आमचंबी तसंच आहे" एवढं म्हणालो. त्या गटानं त्या वर्षी तूर कोठीत भरून ठेवली आणि भिशीतनं शाळेच्या फिया भरल्या. ज्यांचा गट नव्हता त्यांनी पडेल भावानं दिली. २०२१ ला आयात परत मोकळी झाली.

धाराशिवकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं ह्याहून बरं उत्तर नाही.

नैरोबीची_वैदेही

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. बोअर रद्द. संस्थेला नाही म्हणताना त्यांनी बरंच ऐकवलं, ते असो.

मामांना विचारलं तुमचा गट आहे का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सहा वर्षं दर गुरुवारी त्या सुट्टी मागतात आणि महिन्यातून एकदा मी कुरकुरत देते. तो गटच! एकतीस जणी आणि तीन बाप्ये. मामा त्यांच्या खजिनदार आहेत. माझ्या घरातले पैसे कुठे ठेवले ते मला आठवत नाही तेव्हा मी त्यांनाच विचारते, तरी हे मला माहीत नव्हतं.

परवा शनिवारी आम्ही तिघं गेलो. काका मुद्दाम आले, बघायला. चहा, उकडलेल्या अरारूट (इथे अळकुड्यांना तसं म्हणतात) आणि झाडावरून तोडलेले ॲपल मँगो. (हापूस नाही, पण मी चार खाल्ले.) मग त्यांनी नदी दाखवली. बंधारा आधीच चालू आहे! पाया खडकापर्यंत झालाय, मधली संस्था त्यांचीच, मचाकोसकडची. मी विचारलं आमच्या पैशांचं काय करू. अध्यक्षबाई म्हणाल्या, पैशांचं मग बघू, त्यांच्या सभेत मांडायला लागेल आणि सभेत आधीचे तीन विषय आहेत. आमचा विषय चौथा. काकांना हे इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर ते तेच सांगत होते.

कोणाला तरी काहीतरी द्यायला हवं म्हणून मी जरा रेटलं. तेव्हा एक आजी म्हणाल्या, गुरुवारी या, दगड वर चढवायचेत, हात कमी पडतायत. आम्ही सात जण जातोय. आप्पा, काय नेऊ, काय नको?

आणि धाराशिवकर दादा, आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी त्यांचा वाटा तुमच्या तालुक्यात द्यायचा म्हटलंय. गट असेल तर कळवा. नसलेला काढू नका.

दुष्काळी_धाराशिवकर

आहे. व्यनि करतो.

झिरेवाला

वैदेहीताई, सकाळी सातच्या आत पोचा, दहानंतर तिथं दगड हातात धरवत नाही. पांढरे बूट नकोत, जुने घाला. टोपी पाहिजेच. खाऊ, खेळणी, गोळ्या काही नेऊ नका. न्यायचंच असेल तर साखर आणि चहापत्ती, आणि ती अध्यक्षबाईंच्या नाही, जिच्याकडं त्या दिवशी चूल असेल तिच्या हातात द्या. पाण्याची बाटली स्वतःची, पण सगळ्यांसमोर एकट्यानं पिऊ नका. फोटो दुपारच्या जेवणानंतर, विचारून. जेवणाला मुथोकोई असेल, कांडून साल काढलेला मका आणि वाल-घेवड्यासारखे दाणे. वर काही तिखट पाहिजे असेल तर लोणचं न्या, पण बरणी मधे ठेवा. मी एकदा आंब्याचं लोणचं नेलं होतं, बोटं चाटून संपवलं आणि पुढची दोन वर्षं मला लोणच्यावरनंच ओळखायचे.

'मुवेआ' म्हणजे आभार. एवढा एक शब्द पाठ करा.

कामाचं असं: नदीपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत रांग लागते. घमेल्याला तिथं 'कराई' म्हणतात, आपली कढईच ती, बोटीतनं गेलेली. दगड मोठा असेल तर हातानं, कालवलेला माल असेल तर कराईनं. तुम्हाला ते मधे उभं करतील, कडेला नाही, कारण कडेला उचलायला आणि टाकायला सराव लागतो. मधे फक्त घ्यायचं आणि द्यायचं. नवीन माणूस हमखास एक चूक करतो, हातात आलेलं घेऊन दम खातो. तसं करू नका, तुमच्या मागची बाई भरली कराई धरून उभी असते.